बँकेने विकलेलं कर्ज, अनोळखी कंपनीचा दावा आणि दिवाळीतली ती सही

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. चिपळूणच्या बाजारपेठेत तुमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. एप्रिल २०१७ मध्ये बँकेकडून पाच वर्षं मुदतीचं ९ लाखांचं कर्ज घेतलंत. पत्नी सहकर्जदार, धाकटा भाऊ जामीनदार, दुकानातला माल नजरगहाण, म्हणजे ताबा तुमच्याकडेच ठेवून बँकेला तारण. नोव्हेंबर २०१९ चा हप्ता भरला तो शेवटचा. पुढे टाळेबंदी आली आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. माल गेला, कागदांची फाईलही गेली. आता एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीने, म्हणजे एआरसीने, ऑगस्ट २०२५ मध्ये १७ लाख ४० हजारांचा दावा दाखल केलाय आणि बेलीफ समन्स देऊन गेलाय. तुम्ही विचारता: या कंपनीचा मी एक पैसा घेतला नाही, तर हिचा संबंध काय? एवढ्या जुन्या कर्जाची मुदत संपली नाही का? कागदच नाहीत तर लढायचं कशावर? आणि गुहागरकडची वडिलोपार्जित आंब्याची बाग जाईल का?

या चारही प्रश्नांची उत्तरं देतो. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की "२०२२ च्या दिवाळीच्या आसपास बँकेतल्या साहेबांनी बोलावून एका कागदावर सही घेतली, कशावर ते लक्षात नाही." तुमच्या दाव्याचा निकाल बहुतेक या एका वाक्यावर लागेल. त्याकडे येतोच.

सगळ्यात आधी समन्स. "ही कंपनी माझ्या ओळखीची नाही, मी कशाला जाऊ" असं म्हणून घरी बसणारी माणसं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोर्टांत वर्षानुवर्षं पाहत आलोय. अशा दाव्यांतले बरेचसे हुकूमनामे एकतर्फी होतात आणि तिथे कंपनीला फारसं काही सिद्ध करावं लागत नाही. तुम्ही हजरच नसाल तर तिचं प्रतिज्ञापत्र खोडणार कोण? समन्स घ्यायला नकार दिला तरी कायद्याच्या दृष्टीने ते बजावलं गेलं असंच धरता येतं, आणि तुम्ही तर सही करून घेतलं आहे. तेव्हा आजच त्या समन्सावर दाव्याचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. उत्तर द्यायला किती दिवस आहेत हे त्यावरून ठरतं.

साधा दिवाणी मुकदमा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते आणि कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यानंतरही सबळ कारण असेल तर कोर्ट दार अगदीच बंद करत नाही, पण त्या भरवशावर राहू नका. दावा व्यापारी न्यायालय कायद्याखाली असेल तर ३० दिवस, फार तर १२० दिवस. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि समरी दावा असेल, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा, तर फक्त १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. मग वादी निकालासाठीचं दुसरं समन्स बजावतो आणि त्यानंतर पुन्हा १० दिवसांत "मला बचाव करू द्या" असा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. तो दिला नाही तर वादी थेट हुकूमनामा मागू शकतो. बँकेच्या करारांवरचे दावे पुष्कळदा या प्रकारात लावतात, म्हणून हे आधी सांगितलं.

दुकानासाठी घेतलेलं कर्ज आणि रक्कम ३ लाखांच्या वर, म्हणजे हा वाद व्यापारी स्वरूपाचा ठरण्याची बरीच शक्यता आहे. तसं असेल आणि वादीने तातडीचा अंतरिम हुकूम मागितला नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं त्याच्यावर बंधनकारक होतं. ते टाळून लावलेलं वादपत्र फेटाळता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं. तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मध्यस्थीची नोटीस आली होती का, ते आठवून बघा. या मुद्द्यावर दावा कायमचा मरत नाही, कंपनी मध्यस्थी उरकून पुन्हा येऊ शकते. पण तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे मुदतीचे दिवस मोजून घ्यायचे आहेत, तिथे नव्याने यावं लागणं वादीला फार महाग पडू शकतं.

आता कंपनीचा संबंध काय. "मी तुमच्याकडून कर्ज घेतलं नाही" हा बचाव चालत नाही, हे मनाला लावून न घेता स्वीकारा. बँकेला थकीत कर्ज विकता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मान्य केलं. सरफेसी कायदा, २००२ (बँकांच्या थकीत कर्जांच्या वसुलीचा कायदा) याच्या कलम ५ प्रमाणे एआरसीने कर्ज विकत घेतलं की ती बँकेच्या जागी धनको होते. त्यासाठी तुमची संमती लागत नाही. कर्ज विकल्याची नोटीस तुम्हाला मिळाली नाही म्हणून विक्री रद्दही होत नाही. नोटिशीचं महत्त्व वेगळं आहे: ती मिळायच्या आधी तुम्ही बँकेकडे काही भरलं असेल तर ते तुमच्या खात्यात वजा झालंच पाहिजे. कंपनीने तुमचं कर्ज कवडीमोलाने घेतलं असेल, हाही बचाव नाही. तिने किती दिले याच्याशी कोर्टाला देणं-घेणं नसतं. तो मुद्दा तडजोडीच्या टेबलावर उपयोगी पडतो.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. कंपनी बँकेच्या जागी उभी राहते म्हणजे बँकेचा जेवढा हक्क होता तेवढाच तिला मिळतो, जास्त नाही. बँकेविरुद्ध जे बचाव तुमच्याकडे होते ते सगळे तिच्याविरुद्ध जसेच्या तसे चालतात. शिवाय बँकेला जे सिद्ध करावं लागलं नसतं तेही हिला करावं लागतं, ते म्हणजे तुमचंच खातं आपण घेतलं हे. माझ्या कामात मी अशा दाव्याच्या तीनच गोष्टींवर जोर देतो: खातं खरोखर कंपनीकडे आलं का, दावा मुदतीत आहे का, आणि आकडा कुठून आला.

खातं आलं का हे हस्तांतरणाच्या करारावरून कळतं. बँका एका फटक्यात शेकडो-हजारो खाती विकतात. मूळ करार जाडजूड असतो आणि खात्यांची यादी त्याच्या परिशिष्टात असते. दाव्यासोबत बहुतेक वेळा कराराची पहिली आणि शेवटची काही पानं जोडलेली दिसतात. तुमचं नाव, खाते क्रमांक आणि विक्रीच्या तारखेची बाकी असलेलं परिशिष्टाचं पान आहे का ते बघा. नसेल तर कैफियतीत तसं स्पष्ट लिहा आणि ते पान हजर करण्याचा अर्ज द्या. वादी कंपनी एखाद्या ट्रस्टची विश्वस्त म्हणून दावा लावत असेल, तर करारातला ट्रस्ट आणि दाव्यातला ट्रस्ट एकच आहे ना तेही पाहा. मधे एखादी तिसरी संस्था येऊन गेली असेल तर प्रत्येक टप्प्याचा कागद लागतो. कंपनीची रिझर्व्ह बँकेकडे एआरसी म्हणून नोंदणी आहे की नाही हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत दिसतं.

याच टप्प्यावर काही वकील दोन मुद्दे हौसेने घेतात: कराराला मुद्रांक कमी आहे आणि वादपत्रावर सही करणाऱ्याला अधिकार नाही. एआरसीच्या खरेदीला २०१६ च्या दुरुस्तीने मुद्रांक शुल्कातून सूट मिळालेली आहे, त्यामुळे पहिला मुद्दा बहुधा फुसका ठरतो. सहीचा दोष असलाच तर कोर्ट तो नंतर सुधारू देतं. हे मुद्दे एका ओळीत नोंदवा आणि पुढे चला. सगळी ताकद तिथे घालवली की खऱ्या मुद्द्याकडे कोर्टाचं लक्ष वेधणं अवघड होतं.

खरा मुद्दा मुदतीचा, म्हणजे दावा लावायच्या कायदेशीर कालमर्यादेचा. इथे जरा थांबून वाचा.

स्थावर मालमत्ता गहाण नसलेल्या अशा कर्जाच्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. बँकेने कर्ज विकलं म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही, खरेदीदाराला उरलेले दिवसच मिळतात. पण कोरोनाच्या काळामुळे साधं गणित चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाप्रमाणे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळायचा आहे. पुष्कळ लोक "२०१९ मध्ये हप्ता थांबला, २०२२ मध्ये मुदत संपली" असं धरून निर्धास्त राहतात, ते चुकीचं आहे.

तुमच्या तारखा घालून बघू. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०१९ च्या मध्यावर भरला असं धरू आणि तिथूनच मोजू. १५ मार्च २०२० पर्यंत चार महिने गेले. उरलेली दोन वर्षं आठ महिने १ मार्च २०२२ पासून पुढे मोजायची, म्हणजे मुदत ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस संपते. बँकेने मधल्या काळात, समजा जून २०२१ मध्ये, संपूर्ण कर्ज एकदम परत मागितलं असेल आणि कोर्टाने तिथून मोजलं, तर तीन वर्षं १ मार्च २०२२ ला सुरू होऊन फेब्रुवारी २०२५ अखेर संपतात. दावा ऑगस्ट २०२५ चा. दोन्ही हिशेबांनी तो मुदतीबाहेर आहे.

आणखी एक मोजमाप आहे, ते लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. बँकेने कर्ज एकदम परत मागितलंच नसेल तर कंपनी म्हणेल की प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजा. पाच वर्षांचं कर्ज एप्रिल २०२२ मध्ये संपलं, शेवटच्या हप्त्याची मुदत एप्रिल २०२५ मध्ये गेली, म्हणजे तरीही दावा बाहेरच. पण मार्च ते ऑगस्ट २०२० चा मोरेटोरियम, म्हणजे कोरोनातली हप्ते थांबवण्याची सवलत, तुमच्या खात्याला लावून परतफेड सहा महिने पुढे ढकलली असेल, तर शेवटचे दोन-तीन हप्ते मुदतीत बसू शकतात. फक्त तेवढेच, १७ लाख ४० हजार नव्हे.

आता ती सही. मुदत कायदा, १९६३ चं कलम १८ असं सांगतं की मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजायची. दिवाळी २०२२ मध्ये तुमची मुदत चालूच होती. तो कागद "माझ्याकडे इतकी बाकी येणं आहे हे मला मान्य आहे" अशा अर्थाचा असेल तर नवी मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत जाते, आणि ऑगस्ट २०२५ चा दावा नेमका तिच्या आत पडतो. वादी कंपनीने दावा ऑगस्टमध्येच का लावला याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

म्हणून वकिलाने पहिली गोष्ट करायची ती ही, की वादपत्राचा "दाव्यास कारण केव्हा घडलं" हा परिच्छेद आणि सोबतच्या कागदांची यादी वाचायची. बाकी मान्यतापत्र असेल तर ते तिथे असतंच, कारण त्यावाचून त्यांचं चालत नाही. यादीत असूनही प्रत मिळाली नसेल तर पाहणीचा अर्ज द्या आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहा. छापील नमुना कोरा असताना सही घेतली आणि रक्कम-तारीख नंतर भरली, असं तर झालं नाही? दोन वेगळ्या शाईत आणि अक्षरांत मजकूर आहे का? त्यात देणं कबूल केलंय की नुसती "माझा एकरकमी परतफेडीचा अर्ज विचारात घ्यावा" अशी विनंती आहे? नुसत्या विनंतीत कबुली आहे की नाही हे शब्दांवर ठरतं, आणि कोर्टं अशा पत्रांत कबुली शोधण्याकडे झुकतात, हे सांगून ठेवतो. तो पूरग्रस्तांसाठीच्या कर्जपुनर्रचनेचा अर्जही असू शकतो. पुनर्रचना खरोखर झाली असेल तर हप्त्यांचं वेळापत्रकच बदलतं आणि मुदतीचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.

सही कोणी केली हेही महत्त्वाचं. ती तुम्ही एकट्याने केली असेल तर तेवढ्यावरून तुमच्या पत्नीविरुद्ध मुदत वाढली असं होत नाही. कलम २० प्रमाणे एका सहकर्जदाराची कबुली दुसऱ्याला आपोआप बांधत नाही. जामीनदार भावाचा मुद्दा त्याच्या जामीनपत्रातल्या अटींवर जाईल. म्हणून तिघांची एकच कैफियत देऊ नका. वकील एक असला तरी चालेल, पण प्रत्येकाचा बचाव वेगळा मांडला गेला पाहिजे. तुम्हा तिघांत हितसंबंध आडवे येतायत असं वाटलं तर वकीलही वेगळा करा.

एक कळकळीची विनंती आहे. तुम्ही केलेली सही "माझी नाहीच" असं कैफियतीत लिहू नका. कैफियत तुम्ही सत्यापनावर देता. हस्ताक्षर तपासणीत खोटं उघडं पडलं तर तुमचे बाकीचे खरे मुद्देही कोर्टाला खोटे वाटू लागतात. "सही माझी दिसते, पण कागदातला मजकूर त्या वेळी भरलेला नव्हता" किंवा "मला मजकूर सांगितला नाही" हे खरं असेल तर तेच लिहा. खऱ्या हकिकतीतूनच उलटतपासाला धार येते.

मुदतीबद्दल अजून एक. खात्याच्या उताऱ्यात २०२० नंतर कुठे हजार-दोन हजारांची जमा दिसते का ते नीट बघा. मुदतीच्या आत केलेली अंशतः परतफेडही मुदत वाढवते, पण ती परतफेड कर्जदाराच्या हस्ताक्षरातल्या किंवा सहीच्या कागदाने, उदाहरणार्थ चेकने किंवा जमापावतीने, सिद्ध व्हावी लागते. बँकेने तुमच्या बचत खात्यातून परस्पर वळवलेली रक्कम ही तुम्ही केलेली परतफेड नव्हे, असं ठामपणे मांडता येतं. आणि मुदत उलटल्यानंतर दिलेल्या साध्या कबुलीने मुदत परत येत नाही. मात्र मुदतबाह्य देणंसुद्धा फेडीन असं लेखी वचन सही करून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली तो नवा करार होतो. सध्या कंपनीचा माणूस फोनवर गोड बोलून "फक्त पाच हजार भरा, पुढचं बघू" म्हणेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "देतो" असं लिहून घेईल. काहीही भरू नका आणि काहीही लिहून देऊ नका. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मोडत असतील तर कॉलची नोंद ठेवा.

आकड्याचं बघू. ९ लाखांचे १७ लाख ४० हजार कसे झाले, हे दाखवायची जबाबदारी वादीची. नुसता "बाकी इतकी" असा एका ओळीचा उतारा पुरत नाही. कर्ज दिल्याच्या दिवसापासूनचा पूर्ण उतारा लागतो आणि त्यावर बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ प्रमाणे बँकेच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. संगणकावरच्या नोंदींसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ज्याचे दोन भाग असतात आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही असते. एआरसी स्वतः बँक नाही. तिने आपल्या संगणकातून काढलेला कागद म्हणजे बँकेचा खातेउतारा नव्हे. शिवाय हिशेबाच्या वह्यांतल्या नोंदी एकट्याच कुणावर देणं लादायला पुरत नाहीत, हे तत्त्व जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे. अर्थात तुम्ही कर्ज घेतल्याचं नाकारत नाही आणि करारावर सह्या आहेत, तेव्हा फक्त प्रमाणपत्राच्या त्रुटीवर दावा फेटाळला जाईल अशी आशा धरू नका. ती त्रुटी कंपनीला भरून काढता येते. आकडा खाली आणायला मात्र हा भाग फार कामाचा आहे.

उताऱ्यात मी काय शोधतो ते सांगतो. दंडव्याज किती आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवलंय का, हे पहिलं. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याजाची पद्धतच बंद करून दंड-आकार वेगळा ठेवायला आणि त्यावर व्याज न लावायला सांगितलं आहे. त्याआधीच्या काळाला ते परिपत्रक थेट लागत नाही, तिथे मूळ करारात काय आहे ते बघावं लागतं. दुसरं, मोरेटोरियमच्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज परत जमा झालंय का. केंद्राची योजना २ कोटींपर्यंतच्या कर्जांना होती, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातलं चक्रवाढ आणि दंडव्याज घेऊ नये असंच सांगितलं. तिसरं, विमा हप्ते, तपासणी, वकील फी अशा नोंदी कुठल्या कलमाच्या आधारे टाकल्या. कोर्टात "व्याजदर फार जास्त आहे" असं म्हणून उपयोग नाही, कारण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१अ मुळे तेवढ्यासाठी कोर्ट हिशेब उघडत नाही. "करारात नसलेली रक्कम लावली आहे" असं म्हणा आणि नोंद दाखवा.

आणि चिपळूणकरांसाठी खास महत्त्वाची गोष्ट: विम्याचे पैसे. माल नजरगहाण असला की बँक त्याचा विमा उतरवायला लावते आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असतं. पुरानंतर दावा मंजूर झाला असेल तर ती रक्कम थेट कर्जखात्यात जायला हवी. ती किती आली, कोणत्या तारखेला आणि कुठल्या खात्यात जमा झाली? विम्याचा हप्ता तुमच्या खात्यातून कापला पण पॉलिसी नूतनीकरण केलंच नाही, असं आढळलं तर तो बँकेचा निष्काळजीपणा म्हणून मांडता येतो, आणि तो बचाव कंपनीविरुद्धही चालतो. विमा कंपनीकडे लेखी अर्ज करून सर्व्हेअरचा अहवाल आणि रक्कम कुणाला दिली याचा तपशील मागवा. दुसऱ्या बाजूने एक गैरसमज काढून टाकतो: सरकारच्या पतहमी योजनेतून बँकेला पैसे मिळाले असले तरी त्याने तुमचं देणं फिटत नाही.

तुमचे कागद पुरात गेले, याने तुम्ही निःशस्त्र झालेला नाहीत. सिद्ध करायचं ओझं आधी वादीवर आहे. तुमच्या बाजूने पंचनाम्याची नक्कल तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलमधून काढा. कागद नष्ट झाल्याचा तो उत्तम पुरावा आहे आणि त्याच्या आधारे तुम्ही झेरॉक्स, मोबाइलमधले फोटो, ईमेल असा दुय्यम पुरावा देऊ शकता. बँकेला लेखी अर्ज करून खातेउतारा, मंजुरीपत्र आणि २०२२ मध्ये सही केलेल्या कागदाची प्रत मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात "मी देणं लागतो" असा शब्दही येऊ देऊ नका. "सदर खात्यासंबंधी" एवढंच पुरे. पतमाहितीचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात शेवटच्या परतफेडीची तारीख आणि खातं कधी विकलं गेलं याची नोंद बहुतेक सापडते.

कैफियत लिहिताना वादपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या. "सर्व मजकूर खोटा आहे" असं मोघम लिहिलं की कायदा न नाकारलेली गोष्ट मान्य धरतो. कर्ज घेतलं हे मान्य करा, सह्या मान्य करा, किती हप्ते भरले ते सांगा आणि मग हस्तांतरण, मुदत आणि आकडा एकेक करून नाकारा. मुदतीचा मुद्दा तुम्ही घेतला नाही तरी कोर्टाने तो स्वतःहून पाहायचा असतो, पण तारखा आणि हिशेब कोर्टापुढे मांडून ठेवलेला बरा. उलटतपासात कंपनीचा अधिकारी उभा राहील. त्याने तुमचं खातं कधी हाताळलेलं नसतं. दिवाळीतल्या कागदावर सही घेताना तो हजर होता का, मजकूर कुणी भरला, बँकेचा अधिकारी साक्षीला का आणला नाही, हे तीन प्रश्न त्याला विचारलेच पाहिजेत.

बागेबद्दल. ती गहाण नाही, त्यामुळे सरफेसीखाली ताबा घेण्याचा प्रश्नच येत नाही, शिवाय शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. पण उद्या हुकूमनामा झाला आणि कंपनीने दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली, तर बागेतल्या तुमच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते. फक्त तुमच्या आणि जामीनदार भावाच्या हिश्श्यावर, सातबारावरच्या बाकीच्या सामाईक हिस्सेदारांच्या नाही. कोकणात एकेका सातबारावर किती नावं असतात तुम्हाला ठाऊक आहे. वाटप झाल्याशिवाय असा हिस्सा लिलावात घ्यायला बाहेरचा माणूस सहसा धजत नाही. घाबरून हिस्सा मुलाच्या किंवा भावजयीच्या नावे बक्षीसपत्राने करू नका. धनकोला फसवण्यासाठी केलेला व्यवहार म्हणून तो रद्द होऊ शकतो, आणि दावा चालू असताना असं केलंत तर निकालाआधीच जप्ती मागायला कंपनीला कारण मिळतं.

तडजोडीचं माझं मत विचाराल तर आधी कैफियत, मग बोलणी. दिवाळीच्या कागदात स्पष्ट कबुली निघाली, तर मुदतीचा बचाव निसटेल आणि तडजोड शहाणपणाची ठरेल. तेव्हा आकड्याचे मुद्दे हातात असले की तुम्हाला बोलणीत वजन येतं. कागद मोघम निघाला किंवा निघालाच नाही, तर तडजोडीची घाई करू नका. बोलणी वकिलामार्फत आणि "हक्क अबाधित ठेवून" असं नमूद करून करा. ठरलं की तडजोडपत्र कोर्टात दाखल करून त्याप्रमाणे हुकूमनामा घ्या. पैसे कंपनीच्या नावच्या खात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर कधीच नाही. देणं पूर्ण फिटल्याचा दाखला आणि पतमाहिती अहवालात दुरुस्ती किती दिवसांत होईल, हे त्याच कागदात लिहून घ्या. लोकअदालतीत मिटवायचं असेल तर विचार करून सही करा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. एवढं करून हुकूमनामा झालाच, तर कोर्टाकडे हप्ते बांधून मागता येतात, पण ती मागणी निकालाच्या वेळीच करावी. नंतर कंपनीची संमती लागते.

वकिलाचा खर्च परवडत नाही असं तुम्ही सूचित केलंय. तुमच्या पत्नी प्रतिवादी आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चिपळूण कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं काम चालतं, तिथे त्यांच्या नावे अर्ज द्या. पुराने झालेल्या नुकसानीच्या आधारे तुम्हालाही अर्ज करता येतो, पंचनाम्याची नक्कल सोबत जोडा. हायकोर्टात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठावी लागणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

समन्सावरच्या तारखेला तुम्ही, पत्नी आणि भाऊ तिघंही जा, वकीलपत्रावर सह्या करा, वादपत्राच्या आणि सगळ्या कागदांच्या प्रती मिळाल्या नसतील तर त्याच दिवशी अर्ज देऊन मागा. मुकदम्याचा सीएनआर क्रमांक लिहून घ्या, त्यावरून पुढच्या तारखा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसत राहतात. दिवाळीच्या कागदाची प्रत हाती आली की त्यावरचा मजकूर, तुमची खाजगी माहिती झाकून, मला कळवा. मुदतीचं पुढचं गणित त्या शब्दांवर आणि त्या तारखेवर मांडून देतो.